उमज, नक्कल आणि आठवण : एका अल्पायुषी वाद्यवृंदाच्या निमित्ताने

१

एखाद्या गायकाची स्वतंत्र निर्मिती सर्वांसमोर असते, ती ध्वनिमुद्रित झालेली असते, तिच्याविषयी लिहिलेही गेलेले असते. आणि तरीही त्याच्या जुन्या चाहत्यांना ती निर्मिती बाजूला ठेवून, त्याने उमेदीच्या काळात एखाद्या लहानशा क्लबात दुसऱ्यांची गाणी गाऊन घालवलेल्या थोड्या दिवसांविषयी बोलावेसे वाटते. त्या दिवसांत त्याने नवे काही रचलेले नसते. त्याच्याभोवती जमलेला वाद्यवृंद लवकरच मोडलेला असतो. ऐकणारेही मूठभरच असतात. समीक्षेच्या रूढ निकषांनी पाहिले तर या आठवणीला मूल्य नाही. फार तर ती तरुणपणाविषयीची हळहळ म्हणून सोडून देता येते. प्रस्तुत लेखाचा प्रश्न असा, की ती अशी सोडून देण्याचा अधिकार समीक्षेला आहे का? जे मूळ नव्हते त्याच्यापासून मिळालेला आनंद हा 'उसना' आनंद असतो काय? आणि तो उसना नसेल, तर त्याची आठवण जपणाऱ्यांवर कोणती नैतिक जबाबदारी येते?

प्रश्न अमूर्त राहू नये म्हणून एक मराठी उदाहरण समोर ठेवतो. नंदू भेंडे हे नाव मराठी रंगभूमीच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे या रंगकर्मी दांपत्याचा हा मुलगा पाश्चात्त्य रॉक संगीताकडे वळला. सत्तरच्या दशकात 'वेल्वेट फॉग' आणि 'सॅव्हेज एन्काउंटर' या मुंबईतील वाद्यवृंदांचा गायक म्हणून त्याची ओळख झाली. अलेक पदमसी यांच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्यांनी ज्यूडासची भूमिका गायिली. थिएटर अकॅडमीच्या 'तीन पैशाचा तमाशा'च्या (१९७८) संगीतात भास्कर चंदावरकर आणि आनंद मोडक यांच्याबरोबर त्यांचा वाटा होता. 'डिस्को डान्सर' (१९८२) या हिंदी चित्रपटातील एका गीताला त्यांचा आवाज आहे. एप्रिल २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्याविषयी ज्यांनी आत्मीयतेने लिहिले-बोलले, त्यांत त्या जुन्या वृंदांचे श्रोते होते. नाटक आणि चित्रपट यांचा दाखला कागदोपत्री आहे. वृंदांचा दाखला मुख्यतः या माणसांपाशीच आहे.

ही परिस्थिती समीक्षकाला अवघड वाटते, कारण तिच्यात त्याला हाताळण्याजोगी संहिताच नाही. पण नेमके म्हणूनच ती तपासण्यासारखी आहे.

२

आधी त्या गायनामागची परिस्थिती लक्षात घेतली पाहिजे. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी तबकडी भारतात सहज मिळत नव्हती. आयातीवर निर्बंध होते. चांगली विजेची गिटार, तिचा ध्वनिवर्धक, ढोलांचा संच या वस्तू सामान्य मध्यमवर्गीय मुलाच्या आवाक्याबाहेर होत्या. रेडिओ सिलोन, मोजक्या तबकड्या आणि कलकत्त्याहून १९६७ ते १९७७ या काळात निघणारे 'ज्युनिअर स्टेट्समन'सारखे साप्ताहिक, एवढ्या तुटपुंज्या साधनांवर एक पिढी त्या संगीताशी जोडलेली होती. एका सिगारेट कंपनीने भरवलेल्या 'सिमला बीट' स्पर्धेच्या १९७० आणि १९७१ सालच्या दोन तबकड्या उरल्या, हाच त्या काळातील भारतीय वृंदांचा मोठा मुद्रित ठेवा होय. क्लबातील रोजच्या गायनाच्या तबकड्या क्वचितच निघाल्या.

अशा स्थितीत इंग्लंड-अमेरिकेतील एखाद्या वृंदाचे गाणे मुंबईत प्रत्यक्ष कानी पडावे, तर ते मुंबईच्याच कोणीतरी गायिले पाहिजे. गाणारा ते गाणे तबकडीवरून पुन्हा पुन्हा ऐकून उचलत असे. शब्द कानाने टिपत असे. स्वरांची बांधणी, तालाचे आघात, वाद्यांची परस्पर देवघेव हे सारे स्वरलिपीच्या मदतीशिवाय उमगून घेत असे. या कामाला 'नक्कल' म्हणणे सोपे आहे. परंतु त्यात जे श्रम आहेत ते गुरूसमोर बसून बंदिश उचलणाऱ्या शिष्याच्या श्रमांहून जातीने वेगळे नाहीत. भेद एवढाच, की येथे गुरू समोर नव्हता. त्याच्या जागी फिरणारी तबकडी होती, आणि ती चूक दाखवून देत नव्हती.

यात आणखी एक गोष्ट घडली, ती तत्त्वचर्चेच्या दृष्टीने फार बोलकी आहे. ऑक्टोबर १९७२ मध्ये 'लेड झेपेलिन' या इंग्लिश वृंदातील जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. कुलाब्यातील 'स्लिप डिस्क' या लहानशा क्लबात त्यांनी स्थानिक वादकांची वाद्ये हाती घेऊन काही गाणी म्हटली. ज्या जागेत एरवी स्थानिक मुले परदेशी गाणी गात, त्याच जागेत, त्याच वाद्यांवर, त्या गाण्यांच्या जगातील माणसे गात होती. याच मुक्कामात त्या दोघांनी मुंबईच्या भारतीय वादकांना बरोबर घेऊन आपली जुनीच दोन गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर आली २०१५ मध्ये. म्हणजे मुंबईचे गायक परदेशी गाण्यांची आवृत्ती करीत असताना त्या गाण्यांचे कर्तेही मुंबईत येऊन आपल्याच गाण्यांची आवृत्ती करीत होते. मूळ आणि प्रत यांच्यामधली रेषा आपण समजतो तितकी ठळक नाही, हे दाखवायला एवढे पुरे आहे. तथापि, एखाद्या घटनेने सिद्धान्त सिद्ध होत नाही. त्यासाठी अनुकरणाच्या संकल्पनेकडेच वळावे लागेल.

३

अनुकरण ही संकल्पना आपल्याकडे रसचर्चेच्या निमित्ताने फार बारकाईने तपासली गेली आहे. 'अभिनवभारती'त नोंदलेल्या पूर्वपक्षांमध्ये श्रीशंकुकाचे मत प्रसिद्ध आहे. रंगमंचावरील नटाला पाहून प्रेक्षकाला 'हा राम आहे' अशी जी प्रतीती होते, ती यथार्थ ज्ञान नव्हे, भ्रम नव्हे, संशय नव्हे आणि सादृश्यज्ञानही नव्हे. चित्रातला घोडा पाहून 'हा घोडा' असे आपण म्हणतो, तशी ती एक वेगळीच प्रतीती आहे. या अनुकृत स्थायी भावाचे अनुमान प्रेक्षक करतो आणि तेच रस. शंकुकाने अनुकरणाला हीन मानले नाही, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. प्लेटोने प्रतीची प्रत म्हणून कलेला सत्यापासून दूर लोटले. शंकुकाने अनुकरणातून होणाऱ्या प्रतीतीला स्वतःचे ज्ञानशास्त्रीय स्थान दिले.

परंतु अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांचा आक्षेप याहून खोल जातो. अनुकरण कशाचे? अमुक हे तमुकाचे अनुकरण आहे असे म्हणण्यासाठी दोन्ही गोष्टी माहीत असाव्या लागतात. रामाचा शोक कोणी पाहिलेला नाही; मग नट त्याचे अनुकरण करतो असे प्रेक्षकाने कशाच्या आधारावर म्हणायचे? शिवाय चित्तवृत्तीचे अनुकरण वेशभूषा आणि अंगविक्षेप यांनी कसे होणार? अभिनवगुप्त या आक्षेपाच्या पुढे जाऊन सांगतो, की नाट्य हे अनुकरण नसून अनुकीर्तन आहे. जे झाले त्याची पुन्हा उच्चारणा, आणि त्या उच्चारणेत व्यक्तिविशेष गळून पडून भावाचे साधारणीकरण. निव्वळ अनुकरणाने हास्य निर्माण होते, हे निरीक्षणही त्याच चर्चेत आहे, आणि ते नकलाकाराच्या कलेला अचूक लागू पडते. नकलाकार आपल्याला मूळ व्यक्तीची आठवण देतो आणि आपण हसतो. त्या व्यक्तीच्या दुःखात तो आपल्याला नेत नाही.

हा भेद प्रस्तुत प्रश्नाला लावून पाहावा. क्लबात बसलेल्या श्रोत्याने मूळ परदेशी गायकाला प्रत्यक्ष गाताना पाहिलेले नव्हते. तेव्हा भट्टतौतांच्या आक्षेपानुसार समोरचे गायन हे त्या गायकाचे अनुकरण म्हणून त्याच्या प्रतीतीत येणेच कठीण होते. यावर कोणी म्हणेल, की गायक पाहिलेला नसला तरी त्याची तबकडी श्रोत्याने ऐकलेली होती, म्हणजे तुलनेला आधार होताच. हा आक्षेप रास्त आहे. पण तो जपून वापरला पाहिजे. तबकडी गायक आणि श्रोता या दोघांनाही समान परिचित होती. जे दोघांनाही समान परिचित आहे ते एका व्यक्तीचे खाजगी धन राहत नाही. ते बंदिशीसारखे, आख्यानासारखे, दोघांमधील सामायिक संहिता होते. रामकथा माहीत असलेला प्रेक्षक नाटकाला येतो तो कथा कळावी म्हणून नव्हे. तसेच गाणे माहीत असलेला श्रोता क्लबात जातो तो गाणे कळावे म्हणून नव्हे. ते आज, येथे, या गळ्यातून कसे उच्चारले जाते हे अनुभवावे म्हणून. हे अनुकीर्तनच आहे.

वाल्टर बेन्यामिनने १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे 'येथे आणि आता' असणे, तिच्याभोवतीचे वलय, नष्ट होते असे म्हटले. मुंबईतल्या त्या लहान क्लबांत उलट क्रम दिसतो. यंत्राने वलय काढून घेतलेले गाणे एका स्थानिक मुलाच्या गळ्यातून पुन्हा एका जागेला आणि एका रात्रीला बांधले जात होते. तबकडी जगात सर्वत्र सारखी होती. ती रात्र मात्र एकच होती. चाहत्यांच्या आठवणीत जे टिकले ते हेच. त्यांना गाणे आठवते असे नव्हे, कारण गाणे तर आजही कोठेही ऐकता येते. त्यांना त्या गाण्याचे त्या ठिकाणी घडणे आठवते.

४

येथे एक अडचण उभी राहते. वरील युक्तिवाद मान्य केला, तर कोणतीही नक्कल अनुकीर्तन ठरेल आणि भेद करण्याचे कारणच उरणार नाही. गणेशोत्सवात आमच्या वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव या गावांत जे ऑर्केस्ट्रा होत, त्यांच्या जाहिरातीत गायकांच्या नावांपुढे 'व्हॉइस ऑफ मुकेश', 'व्हॉइस ऑफ किशोर' अशी बिरुदे असत. तो गायक जितका हुबेहूब, तितकी टाळी मोठी. हेही अनुकीर्तनच का? आणि नसेल, तर भेदाची कसोटी कोणती?

ही कसोटी मुळापाशी असलेल्या अंतरात शोधण्याची आपली सवय आहे. जे आपल्या परंपरेतले, त्याची पुनरावृत्ती म्हणजे परंपरा. जे बाहेरचे, त्याची पुनरावृत्ती म्हणजे नक्कल. ही कसोटी टिकत नाही. वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्याला याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. विनोबांनी 'गीताई' १९३०-३१ मध्ये रचली. ती गीतेची समश्लोकी, म्हणजे एका अर्थाने श्लोकागणिक केलेली पुनरावृत्तीच. आज वर्ध्यात तिचे अध्याय शिळांवर कोरलेले आहेत. सेवाग्रामच्या प्रार्थनेत जी 'आश्रम भजनावली' गायिली गेली, ती पलुसकरांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी साबरमतीसाठी संकलित केलेली. तिच्यात अनेक भाषांतील आणि अनेक धर्मांतील पदे आहेत, आणि त्यातली बरीचशी गाणाऱ्यांच्या मातृभाषेतली नव्हती. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले. त्यांची भजने खंजिरीच्या त्याच ठेक्यावर, शक्य तितक्या त्यांच्याच ढंगात, गावोगावची मंडळे त्यानंतरही गात राहिली. यांपैकी कशालाही आपण नक्कल म्हणत नाही. म्हणजे पुनरावृत्ती, परभाषा किंवा ढंगाचे अनुसरण यांपैकी कोणतीही गोष्ट स्वतःहून दोषास्पद नाही.

मराठी नाट्यसंगीताचे उदाहरण तर याहून निर्णायक आहे. 'मानापमान'च्या (१९११) चालींत गोविंदराव टेंब्यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याच्या चालींचा आधार घेतला. 'स्वयंवर'साठी (१९१६) भास्करबुवा बखल्यांनी पारंपरिक बंदिशींवर पदे बसवली. त्या चाली बालगंधर्वांच्या गळ्यातून आल्या आणि महाराष्ट्राने त्या बालगंधर्वांच्या म्हणून हृदयाशी धरल्या. पुढे कुमार गंधर्वांनी तीच पदे आपल्या कार्यक्रमात गायिली आणि कार्यक्रमाला नाव दिले 'मला उमजलेले बालगंधर्व'. ज्या मुलाने वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन श्रोत्यांना थक्क केले होते, त्याने प्रौढ वयात दुसऱ्याची गाणी गाताना हा शब्द निवडावा, यात मला अनुकरणाच्या नीतीचे सार दिसते. बालपणीचे ते गाणे आणि उत्तरवयातील हे गाणे, दोन्ही दुसऱ्यांचीच गाणी. पण मधल्या काळात देवधरांकडील शिक्षण झाले, क्षयाच्या आजारातील न गाण्याची वर्षे गेली आणि माळव्यातील लोकगीते कानावरून गेली. पहिल्यात मूळ गायकाचे सामर्थ्य मुलाच्या गळ्यातून ऐकू येत होते. दुसऱ्यात 'मला' हा शब्द आला, आणि त्याबरोबर उत्तरदायित्व आले. मला हे असे उमजले. चुकले असेल तर ती चूक बालगंधर्वांची नव्हे, माझी.

तेव्हा नक्कल आणि उमज यांतील भेद मुळाशी असलेल्या साम्यात नाही, मुळाच्या दूरत्वातही नाही. आपण जे गातो त्याची जबाबदारी गाणारा स्वतःच्या नावावर घेतो की नाही, यात तो आहे. 'व्हॉइस ऑफ मुकेश' हे बिरुद ती जबाबदारी नाकारते. पण तिथेही निकाल घाईने देऊ नये. त्या बिरुदाखाली गाणाऱ्या एखाद्या माणसाच्या गळ्यात, एखाद्या कडव्यापुरती, स्वतःची उमज येऊन जाते आणि समोरच्या मैदानात बसलेल्या श्रोत्याला ती कळते. जाहिरात त्याला नाव देत नाही, म्हणून समीक्षेनेही देऊ नये असे नाही.

५

देशीवादी समीक्षकाचा आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे, कारण तो केवळ अभिरुचीचा आक्षेप नाही. भालचंद्र नेमाडे यांनी मांडलेल्या देशीवादाचा गाभा असा, की संस्कृती आपल्या भूमीत मुळे धरून वाढते. वसाहतवादाच्या छायेत घेतलेले उसनेपण तिला वांझ करते. या दृष्टीने इंग्रजी भाषेत, परदेशी पोशाखात, परदेशी गाणी गाणारा मुंबईचा वृंद म्हणजे सांस्कृतिक परावलंबनाचा नमुनाच. होमी भाभा यांनी १९८४ मधील आपल्या निबंधात वसाहतीतील अनुकरणाला 'जवळजवळ तेच, पण अगदी तेच नव्हे' अशा फटीत ठेवले आणि ती फट सत्तेला अस्वस्थ करते असे सुचवले. पण सत्तरच्या दशकातील मुंबईच्या क्लबात ती फट कोणाला अस्वस्थ करीत होती? इंग्रज जाऊन पाव शतक लोटले होते. अस्वस्थ व्हायला समोर कोणी साहेब नव्हता. समोर होते ते आपल्याच शहरातील सुस्थितीतले तरुण.

या आक्षेपाची खरी धार भाषेत नाही, काळात आहे. १९७२ हे वर्ष महाराष्ट्रात कोणते होते? दुष्काळाचे होते, लाखो माणसे रस्ते आणि पाझर तलाव यांच्या कामांवर खडी फोडीत होती. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला. कुलाब्यातील क्लब आणि गोलपिठा ही एकाच शहरातील, फार अंतर नसलेली दोन ठिकाणे. एका ठिकाणच्या रात्रींची आठवण काढताना दुसऱ्या ठिकाणच्या रात्रींचा विसर पडत असेल, तर त्या आठवणीला निरागस म्हणता येणार नाही.

हे मान्य करूनही मला देशीवादी निष्कर्ष स्वीकारता येत नाही, आणि त्याचे कारण पुन्हा नंदू भेंडे यांच्याच वाटचालीत सापडते. 'तीन पैशाचा तमाशा' हे पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या १९२८ सालच्या 'थ्री पेनी ऑपेरा'वरून केलेले रूपांतर. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे. ब्रेख्तचे नाटक स्वतः जॉन गे याच्या १७२८ सालच्या 'बेगर्स ऑपेरा'वर बेतलेले. आणि गेने तरी काय केले होते? लोकांच्या तोंडी असलेल्या प्रचलित चाली घेऊन त्यांवर नवे शब्द बसवले होते. अडीचशे वर्षांच्या या साखळीत कोणतीही कडी 'मूळ' नाही. प्रत्येक कडी मागच्या कडीला आपल्या काळात उमजून घेते. या साखळीत तमाशाचा बाज, नाट्यपदाचा ढंग आणि रॉकचा आघात मराठी रंगमंचावर एकत्र येऊ शकले, ते रॉकचा आघात गळ्यात मुरलेला कोणीतरी उपलब्ध होता म्हणून. तो आघात पुस्तकातून मिळत नाही. दुसऱ्यांची गाणी रात्रीमागून रात्री गाऊनच मिळतो. ज्याला वांझ म्हटले गेले असते, त्यातून मराठीला काही मिळाले.

तथापि हा युक्तिवाद मी एका मर्यादेपलीकडे ताणू इच्छित नाही. पुढे मराठी नाटक झाले म्हणून आधीच्या क्लबातील गाण्यांना मोल आले, असे म्हटले तर आपण त्या गाण्यांना केवळ साधन करून टाकतो. पुढे काहीच घडले नसते तर? बहुतेक वृंदांच्या बाबतीत पुढे काही घडलेच नाही. मुले नोकरीला लागली, काही परदेशी गेली, वाद्ये विकली गेली. त्यांचे गाणे ज्यांनी ऐकले त्यांचा आनंद म्हणून खोटा ठरत नाही. आनंदाला परिणामाचे प्रमाणपत्र मागणे हीही एक प्रकारची हिंसाच आहे, आणि आपल्या समीक्षेत ती सवयीने होते. गोलपिठ्याच्या संदर्भातही हेच सांगावे लागेल : क्लबाबाहेर दुःख होते म्हणून क्लबातील आनंद खोटा होत नाही, परंतु तो आनंद सांगताना बाहेरचे दुःख वगळले, तर सांगणे खोटे होते. अनुभवाची सत्यता आणि कथनाची सत्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नीतीचा प्रश्न प्रामुख्याने दुसरीपाशी सुरू होतो.

६

आविशाय मार्गालित यांनी 'द एथिक्स ऑफ मेमरी' (२००२) या ग्रंथात आठवण हे जवळच्या, दाट नात्यांतील कर्तव्य मानले आहे. कुटुंब, मित्र, समाज यांना आपण आठवणीचे देणे लागतो. अखिल मानवजातीला ते क्वचितच. गायक आणि त्याचे थोडे श्रोते यांचे नाते या वर्गीकरणात कोठे बसते? ते परस्परांना बहुधा नावानेही ओळखत नसतात. पण जिथे गायनाचा इतर पुरावा जवळजवळ उरलेला नाही, तिथे श्रोता केवळ चाहता राहत नाही, तो साक्षीदार होतो. नातेवाइकाइतके दाट नसलेले हे नाते साक्षीमुळे दाट होते, आणि साक्षीबरोबर साक्षीदाराची कर्तव्ये येतात. मला ती तीन दिसतात.

पहिले कर्तव्य गायकाविषयीचे. 'त्याचे खरे गाणे तेव्हाच होते' असे म्हणणारा चाहता गायकावर प्रेम करतो असे वाटते. प्रत्यक्षात तो त्याला त्याच्या विशीत कोंडून ठेवतो. त्यानंतर त्याने जे रचले, जी भाषा बदलली, जे प्रयोग फसले, त्या सर्वांना तो अधःपात ठरवतो. बालगंधर्वांच्या उतारवयातही त्यांच्याकडे तरुण गळ्याचीच मागणी करणाऱ्या श्रोत्यांनी हेच केले होते. आठवणीने माणसाला मागे ओढू नये. त्याच्या पुढच्या वाटचालीसह त्याला पाहावे.

दुसरे कर्तव्य सत्याविषयीचे. पुरावा नसलेली आठवण वाढत जाते. क्लबातील चाळीस श्रोत्यांचे सांगता सांगता चारशे होतात, चांगल्या रात्रीची अद्वितीय रात्र होते, आणि एका लहान वृंदाची युगप्रवर्तक संस्था होते. यात दुष्टपणा नसतो. पण यामुळे जे खरोखर मोलाचे होते तेच हरवते. त्या वृंदाचे मोल त्याच्या लहानपणात होते. गाणारा आणि ऐकणारा यांच्यात काही हातांचेच अंतर होते, चूक झाली तर दोघांनाही ती ऐकू येत होती आणि गाणे पुढे जात होते. ही जवळीक मोठेपणाच्या दंतकथेत शिल्लक राहत नाही. जे लहान होते ते लहान म्हणूनच सांगणे हा साक्षीदाराचा प्रामाणिकपणा होय.

तिसरे कर्तव्य दाराबाहेरच्यांविषयीचे, आणि ते सर्वांत अवघड आहे. मुंबईच्या त्या वृंदांच्या श्रोत्यांना भाषा होती, नियतकालिके होती, पुढे स्मरणलेख लिहिण्याची सवड आणि प्रतिष्ठा होती. विदर्भातील कापसाच्या गावांत मैदानात मांडव घालून झालेल्या ऑर्केस्ट्रांना यांपैकी काही नव्हते. तिथला ढोलकवादक दिवसा जिनिंगमध्ये काम करीत असेल. गायिका एका हंगामापुरती गाऊन लग्नानंतर गायनाबाहेर गेली असेल. हार्मोनियमवाला तालुक्याच्या बँडमध्ये वरातीपुढेही वाजवीत असेल. त्यांचेही वृंद अल्पायुषी होते, त्यांचीही गाणी दुसऱ्यांची होती आणि त्यांचेही चाहते होते. एकाची आठवण संस्कृतीचा इतिहास म्हणून छापली जाते आणि दुसऱ्याची पारावरची गप्प म्हणून विरून जाते. हा फरक गाण्याच्या गुणवत्तेचा नाही. स्मरण करणाऱ्यांच्या सामाजिक स्थानाचा आहे. मुंबईच्या चाहत्याने आपली आठवण सोडावी असा याचा अर्थ नाही. एका अल्पायुषी वृंदाला आठवण्याजोगे मानण्यासाठी तो जी कारणे देतो, ती कारणे दुसऱ्या वृंदालाही लागू पडतात, हे त्याने मान्य करावे एवढाच आहे. मूल्याचा दावा सार्वत्रिक असतो. तो आपल्यापुरता करता येत नाही.

विद्यापीठातील मराठीच्या अभ्यासकांपुढे यातून एक साधे काम उभे राहते. आपण संहितांचे संशोधन करतो, कारण संहिता ग्रंथालयात मिळते. ऑर्केस्ट्रा, भजनी मंडळे, कलापथके, बँड यांच्या श्रोत्यांच्या आठवणी अजून जिवंत माणसांपाशी आहेत, आणि ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत. त्या आठवणी नोंदवताना त्यांतील अतिशयोक्ती, त्यांतील मौन आणि त्यांतील आनंद या तिन्हींची नोंद घ्यावी लागेल. यांपैकी पहिल्या दोहोंचे शास्त्र आपल्याला शिकवले गेले आहे. तिसऱ्याची नोंद कशी घ्यावी, याची परिभाषा आपल्या समीक्षेने अजून घडवलेली नाही.

७

आरंभीच्या प्रश्नाकडे वळून उत्तर थोडक्यात मांडता येईल. दुसऱ्याचे गाणे गाणे ही गोष्ट स्वतःहून हीन नाही. गाणारा त्याची उमज स्वतःच्या जबाबदारीवर घेत असेल, तर ते अनुकरण न राहता अनुकीर्तन होते, आणि त्यापासून मिळणारा आनंद उसना ठरत नाही. अशा आनंदाची आठवण ही समीक्षेने टाकून देण्याची वस्तू नाही. पुष्कळदा ती त्या गायनाचा एकमेव पुरावा असते. पण पुरावा होताच ती खाजगी राहत नाही. गायकाला मोकळे ठेवणे, लहानाला लहान म्हणणे आणि दाराबाहेरच्यांचाही तोच हक्क मान्य करणे, या तीन अटींवर ती सार्वजनिक व्यवहारात येते. कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांपुढे 'मला उमजलेले' हे विशेषण जोडले, तेव्हा त्यांनी स्वतःचा दावा मर्यादित केला आणि त्याच वेळी तो स्वतःच्या नावावर घेतला. चाहत्याच्या आठवणीनेही स्वतःपुढे हे विशेषण लावून घ्यावे. मग ती कितीही थोड्या रात्रींची आणि कितीही लहान जागेची असो, ऐकून घेण्यास पात्र ठरते.